चष्म्याच्या दुकानात अडकलेलं सरकार

आमच्या पक्षाचा सरकारवर केवढा वचक आहे, हे मला नेहमी वर्तमानपत्रातून कळतं. 'हरित पक्षाची सावध खेळी', 'हरित पक्षाने पत्ते उघडले नाहीत' असं काहीबाही छापून येतं. त्या वेळी आम्ही माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चहाचे कप कुणी विसळायचे यावर भांडत असतो. आमच्या हातात पत्ते कधी आले होते, हे मला तरी आठवत नाही.

पक्ष म्हणजे तरी काय, डझनभर माणसं. त्यातल्या एक आमच्या आमदार. आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं, विधानसभेचे अध्यक्षसुद्धा. मागच्या निवडणुकीत सरकारी पक्ष आणि विरोधी पक्ष अगदी काठावर आले, आणि सरकार तरलं ते एका मताने. ते मत बाईंचं. त्या दिवसापासून राज्यातले मोठमोठे लोक बाईंना दारात सोडायला येऊ लागले आणि बाई त्यांना अजूनही पाठ न झालेल्या नद्यांची नावं विचारू लागल्या.

दुसरे नियमकाका. हे पूर्वी न्यायालयात शिरस्तेदार होते. पक्षाचे नियम त्यांनी ठरवले आणि ते सगळे त्यांच्या डोक्यात आहेत. नियम थोडेच आहेत, पण सरकारच्या नाकीनऊ आणायला तेवढे पुरतात. पहिला, ठराव मंजूर व्हायचा तर खोलीतल्या प्रत्येकाचा हात वर गेला पाहिजे. बहुमत वगैरे आमच्यात चालत नाही. दुसरा, खुर्च्यांच्या गोलात जो बसला तो बैठकीतला, मग तो कुणी का असेना. तिसरा, मधेच कुणी उठून गेलं तर बैठक पहिल्या विषयापासून पुन्हा सुरू. आणि चौथा, ज्याचा विषयात हितसंबंध आहे त्याने तोंड उघडायचं नाही, हात मात्र त्याचा मोजायचा. "कारण जायचं तर त्याचंच असतं," असं काका म्हणतात.

या नियमांमुळे आमचा एकही निर्णय वेळेवर होत नाही. बाहेरच्यांना वाटतं आम्ही ताणून धरतोय. आम्ही ताणत नाही, आमचं आटपतच नाही.

आता माझं सांगते. माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि फ्रेमांची कपाटं, मागे डोळे तपासायची खोली, वर घर. घर वडिलांनी बांधलं आणि त्यांच्यामागे ते माझ्या आणि दादाच्या नावावर झालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सरकारचा मुख्य प्रतोद. प्रतोदाचं काम हात वर करवण्याचं. मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाचे सगळे आमदार जागेवर आहेत ना आणि योग्य वेळी त्यांचे हात वर जातात ना, हे त्याने बघायचं. यात गंमत अशी की दादाला लांबचं धड दिसत नाही. शाळेत फळ्यावरचं तो माझ्याकडून उतरवून घ्यायचा. चष्मा लावला तर मतं जातील अशी त्याची ठाम समजूत आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतले हात तो अंदाजाने मोजतो. हे गुपित जगात मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. रागावले होते तरी नाही.

रागाचं कारण साधं होतं. आमच्या घराच्या गॅलरीतून दादाने आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. त्याच गॅलरीवर मी हरित पक्षाची पाटी लावली. दादाने निरोप धाडला, "या पाटीखालून मी घरात पाऊल टाकणार नाही." मी उलट निरोप धाडला, "मग खिडकीतून ये." तेव्हापासून बोलणं बंद. दोन निवडणुका झाल्या, त्याच्या मुलीचं लग्न झालं, मला गुडघ्याचं दुखणं लागलं, पण आमच्यापैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. हट्टात आम्ही दोघं वडिलांवर गेलोय.

त्या वर्षी सरकारने अर्थसंकल्पात शहराबाहेरून जाणारा मोठा रस्ता घातला. तो नेला होता पाणथळीवरून. आमच्या शहराला लागून ही पाणथळ आहे. लांबून बघाल तर नुसतं लव्हाळं आणि चिखल, जवळ जाल तर वास. सरकारी नकाशात तिला 'पडीक' म्हणतात. पण जादा पावसाचं सगळं पाणी तीच पोटात घेते. शेजारच्या शहराने आपली पाणथळ बुजवली, आणि आता तिथली माणसं पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून झोपतात.

आमच्या पक्षाचं म्हणणं होतं की रस्ता बंद पडलेल्या मालगाडीच्या रुळांवरून न्यावा. जमीन कोरडी, मोकळी, कुणाच्याच कामाची नाही. फक्त शेवटी जिथे रूळ शहराला मिळतात तिथे वळणावर एक घर आडवं येतं.

ते घर आमचं.

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. बैठकांमध्ये रुळांचा विषय निघाला की मी कप गोळा करायला लागायची. पाणथळ वाचावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि आपलं घर राहावं असंही तितकंच मनापासून वाटत होतं. या दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या खिशात ठेवून चालले होते. त्या एकाच दिवशी बाहेर काढाव्या लागतील असं वाटलं नव्हतं.

पण तो दिवस आला. दुपारी विधानसभेत अर्थसंकल्पावर मतदान. बाईंचा हात वर गेला नाही तर सरकार कोसळणार. आणि बाई म्हणाल्या, "माझा हात माझा नाही, पक्षाचा आहे. सकाळी बैठकीत ठरेल तसं." मुख्यमंत्र्यांची पाचावर धारण बसली. आमची बैठक किती चालते हे एव्हाना त्यांच्याही कानावर गेलं होतं. त्यांनी आपला सगळ्यात गोड बोलणारा माणूस धाडला.

दुकानासमोर सरकारी गाडी थांबली. दादा उतरला, पाटीखाली आल्यावर त्याने मान अशी काही खाली घातली की जणू त्याच्या बुटाची नाडी सुटली आहे, आणि आत आला. त्याच्यामागे बांधकाम खात्याचे इंजिनिअर, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन. मी काउंटरमागे होते. दादाने कपाटातल्या फ्रेमांना नमस्कार केल्यासारखं केलं आणि सरळ मागच्या खोलीत गेला.

तिथे त्याने चूक केली. आम्ही गोल करून बसलो होतो, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गोलात एकच चांगली खुर्ची होती, माझी डोळे तपासायची. चामड्याची, उंच, फिरणारी, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दादा जन्मभर कुठल्याही खोलीत गेला की सर्वांत उंच खुर्चीवर बसत आलाय. तो त्या खुर्चीवर बसला. इंजिनिअर मात्र दारातच उभे राहिले आणि वेळ जावा म्हणून एक फ्रेम लावून बघू लागले.

दादाने घसा साफ केला. "मित्रहो, सरकारला तुमच्या भावनांची पूर्ण कल्पना आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं लावू, त्याला 'हरितमार्ग' असं नाव देऊ, आणि बाईंसाठी एक खातंही—"

"थांबा," नियमकाका म्हणाले. "आधी फोन." त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. दादाने नाइलाजाने आपला फोन त्यात टाकला. डबा लगेच थरथरू लागला आणि शेवटपर्यंत थरथरतच राहिला.

"आता सांगा, आजच्या विषयात कुणाचा हितसंबंध?"

मी हात वर केला. "माझा. रुळांच्या वाटेवर माझं घर आहे."

"मग तुम्ही आजच्यापुरत्या गप्प."

मी मान डोलावली. तेवढ्यात बेकरीवाली बोलली. ही कोपऱ्यावर बेकरी चालवते, आणि हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. "पण काका, घर हिच्या एकटीच्या नावावर कुठंय?"

मला बोलता येत नव्हतं. मी फक्त बोट उचललं आणि दादाकडे दाखवलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला भारी मजा आली.

"अच्छा," नियमकाका दादाकडे वळले. "मग तुम्हीही गप्प."

"हा काय पोरखेळ आहे?" दादा म्हणाला. "मी सरकारतर्फे आलोय."

"सरकारतर्फे आला होतात तर बाहेर उभं राहायचं, तुमच्या इंजिनिअर साहेबांसारखं. तुम्ही गोलात बसलात. आता तुम्ही बैठकीतले."

"मग हा उठलो."

"उठा की. फक्त कुणी उठून गेलं की बैठक पहिल्यापासून. पहिला विषय कपांचा होता."

"कपांना मागच्या वेळी सबंध सकाळ गेली होती," बाई शांतपणे म्हणाल्या.

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते त्याला दिसलं नसणार, पण वेळ कमी आहे एवढं त्याला कळत होतं. तो परत बसला. बसताना खुर्ची थोडी फिरली आणि माझ्या समोर येऊन थांबली. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा समोरासमोर आलो होतो, आणि दोघांनाही बोलायला बंदी होती.

राज्यातला सर्वांत बोलका माणूस गप्प बसला की कसा दिसतो ते बघण्यासारखं असतं. आधी कान लाल झाले, मग त्याने हाताची घडी घातली, मग सोडली. कुणी चुकीचं काही बोललं की त्याचे ओठ हलायचे आणि काका बोट वर करायचे. मधमाश्या पाळणारे एक सभासद आहेत, ते म्हणाले की रस्ता मुळात हवाच कशाला, आणि दादाच्या घशातून असा आवाज निघाला की बाईंनी त्याला पाणी दिलं.

अटीचा मसुदा तयार व्हायला बराच वेळ गेला. बाईंचं वाक्य सोपं होतं, 'रस्ता पाणथळीवरून न नेता रुळांवरून न्यावा, तरच अर्थसंकल्पाला पाठिंबा.' बेकरीवाली अडून बसली. तिचं माहेर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथेही एक पाणथळ. "माझ्या भावाच्या घरात पाणी गेलेलं चालेल का मग? कुठल्याही पाणथळीवरून असं घाला, नाहीतर माझा हात खाली."

"अहो, सबंध राज्याचं धोरण होईल ते," नियमकाका म्हणाले.

"होऊ दे. माझे पाव भट्टीत आहेत. लवकर काय ते करा."

म्हणून 'कुठल्याही' हा शब्द आला. पुढे अग्रलेखांमध्ये या एका शब्दावर, आमच्या दूरदृष्टीवर वगैरे पुष्कळ लिहून आलं. पाव थोडे करपलेच, ते कुणी लिहिलं नाही.

मग बाईंनी इंजिनिअरांना हाक मारली. गोलाबाहेरच्याला विचारलं तर त्याने उत्तर दिलेलं चालतं. "साहेब, मला भूगोलाचा प्रश्न पडलाय. शेजारी कोरडी जमीन असताना तुम्ही रस्ता चिखलात का घातलात? चिखलात तर भराव जास्त."

इंजिनिअर भाबडा माणूस. डोळ्यांवरची फ्रेम न काढताच म्हणाले, "आम्ही रुळांवरूनच आखला होता की. दगडसुद्धा रोवून झाले होते. मग वरून सांगणं आलं की पाणथळीकडे सरकवा."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

इंजिनिअरांची नजर चुकून उंच खुर्चीकडे गेली. मग सगळ्यांचीच गेली.

प्रत्येकाच्या मनात एकच आलं, आणि माझ्याही. भराव पडला की तिथे भूखंड पडतील, भूखंड कुणाच्या तरी घशात जातील, आणि त्या कुणाशी तरी दादाचं साटंलोटं असेल. मला संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली. दादा हट्टी आहे, दिखाऊ आहे, पण असा नाही असं मी मनात धरून होते, बोलणं बंद असतानाही.

"हात," नियमकाका म्हणाले.

हात वर गेले. बाईंचा, काकांचा, बेकरीवालीचा, मधमाशीवाल्यांचा, सगळ्यांचे. दोन सोडून. दादाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते, लहानपणी नको ते औषध समोर आलं की घालायचा तसे. आणि माझा उजवा हात माझ्या मांडीवर होता. मी त्याला वर जा म्हणत होते आणि तो जात नव्हता. माझ्या डोक्यावर त्या घराचं छत होतं. त्या छतावर माझं बाळपण वाळत घातलेलं होतं, माझं म्हातारपण तिथेच जायचं होतं, आणि भिंतीपलीकडे माझं दुकान होतं, मी एकटीने उभं केलेलं.

सरकारचा प्रतोदच सरकार पाडायला बसलाय हे बघून इंजिनिअरांनी फ्रेम काढून ठेवली. डब्यात फोन थरथरत होता.

"एकमत नाही," नियमकाका म्हणाले. "थोडा वेळ शांतता. प्रत्येकाने विचार करा."

विचार कसला करते, मला रागच आवरेना. माझा हात खाली का आहे ते मला कळत होतं, पण तो आता दादाच्या हाताच्या पंक्तीला जाऊन बसला होता, आणि ते मला सहन होत नव्हतं. मी उठले, तक्त्यावरची अक्षरं दाखवायची छडी टेबलावरून घेतली, आणि दादाच्या दंडाला टोचलं. भुवया उडवल्या. लहानपणी याचा अर्थ असायचा, काय चाललंय तुझं?

दादाने मान दुसरीकडे फिरवली. मग कुणास ठाऊक काय वाटलं, त्याने छडी माझ्या हातातून काढून घेतली आणि तक्त्याकडे बघून डोळे बारीक केले. इतके बारीक की मला हसू आलं. त्याला पहिल्या ओळीपुढचं काही दिसत नव्हतं. मी तिथल्याच कपाटातून तपासणीची चौकट काढली, भिंगं घालायच्या खाचा असलेली, जिच्यात भला मंत्रीसुद्धा घुबड दिसतो. ती त्याच्या नाकावर चढवली. त्याचा नंबर मला अंदाजाने ठाऊक होता. दोन भिंगं घातली.

"काका, ही बोलतेय," बेकरीवालीने तक्रार केली.

नियमकाकांनी डोळे मिटून नियम आठवले. "बोलायचं नाही असा नियम आहे. डोळे तपासायचे नाहीत असा नाही."

दादाने भिंगांतून तक्ता पाहिला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. इतकी अक्षरं असतील असं त्याला वाटलं नसावं. मग तो छडी घेऊन तक्त्यापाशी गेला आणि ती दुसऱ्या ओळीतल्या एका अक्षरावर टेकवली. घ. ती खाली सरकली, पाचव्या ओळीवर थांबली. र.

मी तक्त्याकडे बघत राहिले. मग दादाकडे. भिंगांमागे त्याचे डोळे वाटाण्याएवढे दिसत होते आणि त्यात पाणी होतं.

भूखंड नाही, बिल्डर नाही. या गाढवाने एका घरासाठी सबंध राज्याचा रस्ता चिखलात ढकलला होता. ज्या घरात तो पाऊल टाकत नव्हता, ज्याच्या गॅलरीवर माझ्या पक्षाची पाटी होती, त्या घरासाठी. आणि मला सांगणार कसं, बोलणं बंद होतं ना. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि छडी त्याच्याच पाठीत घालावीशी वाटली.

पाणथळीच्या कडेला खालची आळी आहे. पाव द्यायला बेकरीवाली रोज तिथे जाते, मी वर्षातून एकदा तिथल्या म्हाताऱ्यांचे डोळे तपासायला जाते. भराव पडला की पहिलं पाणी त्यांच्या चुलीत जाणार. दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने एका पारड्यात ती आळी ठेवली होती आणि दुसऱ्यात बहीण. हे प्रेम होतं आणि चूकही होती, आणि ती चूक माझ्या नावाने झाली होती.

मी छडी परत घेतली. चार अक्षरं दाखवली. व, र. क, र.

त्याने छडी हिसकावली. ग, प. ब, स.

इतक्या वर्षांनी थोरल्या भावाचं हे पहिलं वाक्य. मी तोंडावर हात दाबला. मधमाशीवाल्यांना वाटलं मी रडतेय. मी रडतही होते.

मग मी माझा हात वर केला. तो जड होता, पण गेला. दादाने माझ्याकडे बघितलं, वर छताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मी हात खाली घेतला नाही. ज्याच्यासाठी अडून बसावं असं त्याला आता कुणी उरलं नव्हतं. त्याने छडी खाली ठेवली, आणि जन्मभर दुसऱ्यांचे हात वर करवणाऱ्या माणसाचा हात हळूहळू वर गेला. त्याने सवयीने खोलीतले सगळे हात मोजले. या वेळी अंदाजाने नाही.

"मंजूर," नियमकाका म्हणाले. "आता कपांचा अर्धा राहिलेला विषय."

"काका," बाई उठत म्हणाल्या, "सरकार पडेल."

दादाने डब्यातून फोन काढला आणि मुख्यमंत्र्यांना एवढंच सांगितलं, "होय. सगळ्या. होय साहेब, राज्यातल्या सगळ्या पाणथळी. मान्य करा, नाहीतर यांचा कपांचा विषय सुरू होतोय." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला, आणि मग होकार आला. विधानसभा पुलापलीकडेच आहे. दादाने बाईंसाठी गाडीचं दार उघडलं, पण बाई चढेनात. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही हा आमचा आणखी एक नियम. म्हणून नियमकाका चढले, बेकरीवाली चढली, मधमाशीवाले चढले, इंजिनिअर नकाशासकट कुणाच्या तरी मांडीवर बसले. दादा पुढे बसला. गाडी विधानसभेच्या पायऱ्यांपाशी थांबली तेव्हा वार्ताहरांनी पाहिलं की सरकारचा मुख्य प्रतोद डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवून उतरतोय. काढायची राहून गेली होती.

बाईंचा हात वर गेला, अर्थसंकल्प मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता, 'हरित पक्षाने सरकारला झुकवलं'. खाली दादाचा फोटो, घुबडाचा. एकही मत गेलं नाही. उलट लोकांना तो पहिल्यांदाच विचारी वाटला.

घर पावसाळ्याआधी पाडलं. मी बघायला जाणार नव्हते, पण दादा आला आणि म्हणाला, "चल." तेव्हा गेले. त्याने चष्मा लावला होता, मी बनवून दिलेला. गॅलरी खाली आली तेव्हा त्याने तो काढून पुसला, उगाचच, आणि पुन्हा लावला. पाटी त्याने स्वतः उतरवून ठेवली होती. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नवीन दुकानाला दारापेक्षा थोडी वर लाव. डोक्याला लागते."

नवीन दुकान खालच्या आळीच्या तोंडाशी घेतलं. मागच्या खिडकीतून लव्हाळं दिसतं आणि वासही येतो. जुनं घर मला अजून स्वप्नात येतं, आणि जाग आली की क्षणभर वाईट वाटतं. मग गिऱ्हाइकं येतात.

पहिल्याच बैठकीला दादा हजर झाला. सरकारला या खेपेला एका टेकडीवर खाण काढायची होती. तो आत आला, आणि कुणी काही म्हणायच्या आत जाऊन उंच खुर्चीवर बसला. फोन डब्यात टाकला. या वेळी चुकून नव्हे.

"हितसंबंध कुणाचा?" नियमकाकांनी विचारलं.

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. टेकडीवर आमचं काहीच नव्हतं. आता दोघांच्या नावावर कुठेच काही नव्हतं.

"आमचा नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आणि मग आम्ही बोललो. खाणीवरून सुरुवात झाली, तिथून पाटीवर गेलो, पाटीवरून त्याच्या मुलीच्या लग्नावर, तिथून माझ्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून वडिलांवर. बाईंनी दोनदा पाणी दिलं. बेकरीवाली पाव काढून परत आली तरी आमचं संपलं नव्हतं, आणि ती मधे उठून गेल्यामुळे बैठक पहिल्यापासून सुरू करावी लागली, म्हणून आम्हीही पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी नियमकाकांनी कपाळाला हात लावला आणि नवा नियम मांडला, की यापुढे बैठकीत भावंडांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

सगळ्यांचे हात वर गेले. आमचे दोघांचे सोडून.